हळदीवरचा लाल हात

तमिळ मुलखातल्या मेलकावेरी गावातल्या त्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, तेव्हा लोक जेवणघराच्या कट्ट्यावर चढून बसले. लग्न कुणाचं नव्हतं. व्यासपीठावर दोन बांबूंच्या मध्ये हळदीच्या पाण्यात भिजवलेलं पांढरं धोतर ताणून बांधलं होतं आणि शेजारी मंजळ स्वामी बसले होते. मंजळ म्हणजे हळद. स्वामींची कफनी पिवळी, शेला पिवळा, चपलासुद्धा पिवळ्या. दात तर मुद्दाम न रंगवताच पिवळे होते.

"हळद म्हणजे अंबाळची, देवीची कातडी!" स्वामी माईकमध्ये तमिळमधून गरजत होते. "अमेरिकेनं हिचं पेटंट घ्यायची धडपड उगाच केली का? हळदीला सगळं कळतं. तुमच्या एक्स-रेला हाड दिसतं, हळदीला पाप दिसतं!"

टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्यांत हरिप्रसाद होता. इमारतींचे आराखडे काढणारा इंजिनिअर, तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे येऊन राहिलेल्या घराण्यातला, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ बोलणारा. त्याला तुळईवर किती वजन पेलेल ते तोंडपाठ सांगता यायचं. आपल्या डोक्यात काय भरलं जातंय, ते मात्र त्याला कळत नव्हतं. शेजारी त्याची बायको कीर्तना बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, कारण तिच्या मनात घरी एकटी सोडून आलेली सासू होती.

सासू, म्हणजे अलमेलू. साखरेचा आजार जुना, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम वर्षभर भरत नव्हती. नर्स आरोग्यमेरी रोज सकाळी यायची, जखम धुवायची, मेलेली कातडी कापायची, नवी पट्टी बांधायची. जखम हळूहळू आक्रसत होती. पाय वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते, पण एकही दिवस चुकवायचा नाही. हे 'हळूहळू' हरिप्रसादला सोसेना. तो स्वामींकडे गेला आणि स्वामींनी निदान केलं, की घरात कुणी तरी आड येतंय. घरात येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना हळदीसमोर आणा.

म्हणून सगळ्यांना आणलं होतं. दूधवाली होती, भांडी घासणारी होती, शेजारची सरोजा होती आणि आरोग्यमेरीही होती. पाट्टीचा, आजीचा पाय बरा होणार असेल तर हात लावायला माझं काय जातंय, असं म्हणत ती बिचारी ड्यूटीवरून थेट आली होती.

"आधी हात शुद्ध करा," स्वामी म्हणाले. त्यांचा शिष्य रामलिंग लिंबांची टोपली घेऊन फिरू लागला. प्रत्येकाच्या हातावर अर्धं लिंबू. चोळा, बोटं चोळा, कुणी पान खाल्लं असेल त्यानं जास्त चोळा. आरोग्यमेरीपाशी येऊन रामलिंग थांबला आणि त्यानं स्वामींकडे पाहिलं.

"तिला लिंबू नको," स्वामी गोड आवाजात म्हणाले. "ती वेगळ्या धर्माची. आपलं लिंबू तिच्या हातावर लादायचं नाही. आपण तसे नाही. तिला साबण द्या."

काय कौतुक झालं म्हणता! "बघा, मन किती मोठं," असं सरोजा शेजारणीला म्हणाली. रामलिंगानं कपडे धुवायच्या साबणाचा एक तुकडा पुढे केला आणि तांब्यातून चमचाभर पाणी ओतलं. पाण्याची टंचाई आहे, तो म्हणाला. आरोग्यमेरीनं नर्सच्या सवयीनं बोटांच्या बेचक्यांपासून मनगटापर्यंत साबण लावला, आणि पाणी नव्हतं म्हणून ओले हात तसेच झटकले.

मग एकेकानं पुढे होऊन ताणलेल्या धोतरावर तळवा दाबला. दूधवालीचा हात उमटला पिवळाच. सरोजाचा पिवळा. हरिप्रसादचा पिवळा. कीर्तनानं हात दाबला, उचलला, पिवळ्यावर पिवळं पाहिलं आणि तिला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगा, वाटलं.

शेवटी आरोग्यमेरीनं तळवा टेकवला. तिनं हात उचलला. पिवळ्या धोतरावर पाचही बोटांसकट रक्तासारखा लालभडक हात उमटला होता.

"पाहिलंत!" स्वामी उभे राहिले. "ह्यांच्या देवळात पाद्री पेल्यातून काय पाजतो? आमच्या देवाचं रक्त, असं ते स्वतःच म्हणतात की नाही? रविवारी रक्त प्यायचं आणि सोमवारी आपल्या म्हाताऱ्यांच्या पायाला हात लावायचा! मग जखम भरेल कशी?"

इतका वेळ तोंडात बोटं घालून बसलेल्या लोकांना आता एकदम वाचा फुटली. हे असेच, इंजेक्शन देता देता कानात मंत्र फुंकतात. अरिसी मूट्टै, तांदळाच्या पोत्यासाठी बाटलेले. माझ्या मेहुणीच्या गल्लीत अख्खं घर गेलं. प्रत्येकाला मेहुणीची गल्ली होती आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं कुणाकडेच काही नव्हतं. ज्यांच्या लेकीसुनांची बाळंतपणं कॉन्व्हेंटच्या दवाखान्यात झाली होती आणि ज्यांच्या मुलींच्या प्रवेशासाठी कॉन्व्हेंटच्या शाळेपुढे पहाटेपासून रांगा लागायच्या, त्यांचेच आवाज सगळ्यांत वरचे होते.

आरोग्यमेरी मात्र आपला तळवा उलटसुलट करून पाहत होती. "कुठं कापलं नाहीये," ती पुटपुटली. तेवढ्यात मागून कुणी तरी थुंकलं. थुंकी तिच्या पांढऱ्या पदरावर पडली. मोबाईल वर झाले. हरिप्रसाद उठून तिच्यापाशी गेला. निदान पदर पुसायला रुमाल देईल, असं कीर्तनाला वाटलं.

"उद्यापासून येऊ नको," तो म्हणाला.

*

त्याच संध्याकाळी स्वामींनी अलमेलूच्या पायाची पट्टी सोडवली आणि हळद, कडुनिंब आणि कसलासा काळा लेप थापून वर केळीचं पान बांधलं. पानावर मंतरलेला पिवळा दोरा गुंडाळला. "अमावास्येला मी येईन आणि मीच सोडीन. मधे दोरा सुटला तर जबाबदारी तुमची." अशी जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात बांधून ते गेले.

"मेरी कुठं अहे?" दुसऱ्या दिवशी सकाळी अलमेलूनं विचारलं.

"ती येवाची नाहीं, अम्मा," हरिप्रसाद म्हणाला आणि त्यानं सगळी हकिकत सांगितली. लाल हाताचा फोटोही मोबाईलवर दाखवला.

अलमेलूनं फोटो डोळ्यांजवळ धरला, पण डोळ्यांत साखर उतरलेली, तिला धड काही दिसेना. "तिच्या हाताला काय झालं हुतं?"

"काय होवाचं? रक्त प्यालेला हात तो."

"रक्त पितात तर पितात. पट्टी बरी बांधत हुती." अलमेलूही काही संतीण नव्हती. नर्ससाठी कॉफीचा पेला तिनंच वेगळा ठेवायला लावला होता. पण आपल्या पायाचं भलं कशात आहे एवढं तिला कळत होतं. "हरी, तुला अक्कल अहे कां नाहीं? डॉक्टरला बोलाव."

"स्वामी म्हण्टले, दोऱ्याला डॉक्टरचा हात लावाचा नाहीं."

कीर्तना दारात उभी होती. "वो, एकदां दाखवून तरी आणूं," ती म्हणाली. हरिप्रसादनं तिच्याकडे असं पाहिलं, की पुढचं वाक्य तिनं गिळलं.

व्हिडिओ गावभर फिरला. नाचियार्कोविलच्या बसमध्ये लोक तो एकमेकांना दाखवत होते. आरोग्यमेरी ज्या ज्या घरी जायची त्या सगळ्यांनी एकामागून एक फोन करून तिला नको म्हणून सांगितलं. पोरांनी तिच्या दारावर लाल रंगात हात बुडवून पंजे उठवले. सरोजानं हे हसत हसत सांगितलं. "अग, कीर्तना, दार बघाला पाहिजे हुतंस! खालपासून वरपर्यंत हातच हात."

इकडे अलमेलूला ताप चढू लागला. तिच्या खोलीत उदबत्ती लावायची, ती विझली की दुसरी लावायची, असं सुरू झालं, कारण पानाखालून वास यायला लागला होता. हरिप्रसाद म्हणाला, विष बाहेर पडतंय. कीर्तनाला तो वास ओळखीचा नव्हता, पण चांगल्या गोष्टीला असा वास येत नाही एवढं तिला ठाऊक होतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत तिनं अमावास्या येऊ दिली.

*

अमावास्येला घरात पुन्हा गर्दी. सरोजा तर सकाळपासूनच येऊन बसली होती. स्वामी उंबऱ्याबाहेर खुर्चीवर, पाय चांदीच्या ताटात. हरिप्रसाद त्या पायांवर दूध ओतत होता. आत त्याच्या आईचा पाय सडत होता आणि बाहेर हा धडधाकट पायांना दुधानं अंघोळ घालत होता.

"कीर्तना, आलम आण!" त्यानं हाक मारली.

आलम म्हणजे ओवाळायचं लाल पाणी. इथे नवरानवरी आली, बाळंतीण आली, कुणी मोठा माणूस आला, की उंबऱ्यावर त्यानं ओवाळतात. कीर्तनानं ताटात पाणी घेतलं, चिमूटभर हळद टाकली. मग सासूच्या पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेतला आणि पाण्यात फिरवला. पिवळं पाणी बोटामागून लाल होत गेलं.

हे तिनं लग्नाआधीपासून कितीदा केलं होतं. डोळे मिटूनही केलं असतं. आज मात्र तिचं बोट पाण्यातच थांबलं. ताटात नर्सच्या हाताचा रंग होता.

तिनं मोरीवरचा कपड्यांचा साबण उचलला. ओल्या हाताला चोळला. पुसायचं फडकं हळदीच्या पाण्यात बुडवून पिळलं, ओट्यावर पसरलं आणि त्यावर तळवा दाबला. लाल पंजा उमटला. अगदी तसाच.

आता कीर्तनाला राग आला. आधी स्वतःचा आला, कारण दर शुक्रवारी हळदीच्या साड्या तीच धूत होती. मग बाहेरच्या सगळ्यांचा आला. ती फडकं घेऊन थेट उंबऱ्यावर गेली.

"स्वामी," तिनं तमिळमध्ये विचारलं, "हा हात कुणाचा?"

लोक मान उंचावून पाहू लागले. स्वामींनी डोळे किलकिले केले. "त्या बाईचा. ती पुन्हा घरात आली होती?"

"माझा आहे. आत्ता उमटवला."

कुजबुज झाली. स्वामी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते क्षणभरच गडबडले. "तेच म्हणतो मी! वर्षभर तिच्या हातची हवा घेतलीत. बाधा घरात पसरली. सुनेपर्यंत आली!"

आणि लोकांनी माना डोलावल्या. हो, खरंच डोलावल्या. "हिच्या माहेरचं कुणी बाटलंय का?" असं मागून एका बाईनं विचारलंसुद्धा. अर्ध्या मिनिटात ती ह्यांची कुणी उरली नव्हती. मंगल कार्यालयात त्या दिवशी आरोग्यमेरीला काय वाटलं असेल, ते तिला आता कळलं. तिनं गर्दीत सरोजाला शोधलं.

"सरोजाक्का, तुमच्या साडीवर हळद सांडली आणि तुम्ही साबण लावला, तर डागाचं काय होतं?"

सरोजा गोंधळली. "काय होणार? लाल होतो."

"मग? साडी ख्रिस्ती झाली?"

कुणी तरी फिस्सकन हसलं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. धुण्याच्या दगडावर जे रोज दिसत होतं, ते मंगल कार्यालयात एकीलाही दिसलं नव्हतं.

"तो लाल वेगळा, हा लाल वेगळा!" स्वामींचा आवाज चढला.

"वेगळा? थांबा." समोरच्या पूजेच्या ताटातलं लिंबू कीर्तनानं उचललं, चिरलं आणि फडक्यावरच्या लाल पंजावर पिळलं. पंजाची बोटं एकेक करून पिवळी झाली. "घ्या. तुमच्या लिंबानं शुद्धी झाली. आंबट लागलं की हळद पिवळीच राहते, साबण किंवा चुना लागला की लाल होते. तुम्ही आम्हाला लिंबू वाटलंत आणि तिला साबण दिलात. तिच्या देवाचा मान राखलात म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. तिचे हात आमच्या सगळ्यांच्या हातांपेक्षा स्वच्छ होते, तेवढाच तिचा गुन्हा. खोटं असेल तर आता तुम्ही साबणानं हात धुवा आणि ह्या फडक्यावर ठेवा."

स्वामींनी दोन्ही हात कफनीत ओढून घेतले. एवढं लोकांना पुरलं.

हरिप्रसाद दुधाचं भांडं हातात घेऊन बसला होता, तसाच. "पण... अम्माचा पाय?" त्यानं स्वामींना विचारलं. इंजिनिअरला अखेर प्रश्न सुचला होता.

उत्तर आतून आलं. अलमेलूनं पलंगावरच्या पलंगावर सुपारीच्या अडकित्त्यानं दोरा कापला होता. पान बाजूला झालं आणि वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला. लोकांनी नाकाला पदर लावले. अंगठा नव्हताच म्हणायचा. उरलेली चार बोटं कोळशागत काळी पडली होती आणि काळेपणा घोट्यावर चढत होता.

गर्दी विरायच्या आतच स्वामी रिक्षात होते. रामलिंगानं पळता पळता लिंबांची टोपली तेवढी बरोबर घेतली.

*

कीर्तनानं आरोग्यमेरीला फोन लावला. क्षमेचं मोठं भाषण तिनं मनात जुळवलं होतं. ते बोलायची वेळच आली नाही.

"रंग कसा आहे, अक्का? काळेपणा कुठवर? ताप?" आरोग्यमेरीनं विचारलं, आणि उत्तरं ऐकून म्हणाली, "माझी वाट पाहू नका. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. मी तिकडे येते."

ती आली. रात्रभर अलमेलूच्या उशाशी बसली. डॉक्टरांनी हरिप्रसादला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "पट्टी बंद केली नसती तर फार तर अंगठा गेला असता. आता गुडघ्याखाली कापावा लागेल." हरिप्रसाद भिंतीला धरून खाली बसला. त्याला सावरायला कुणी गेलं नाही. बायकोही गेली नाही.

पाय कापला.

आरोग्यमेरीनं जखम कशी धुवायची ते कीर्तनाला शिकवलं आणि ती भावाकडे नागपट्टणमला निघून गेली. तिला गावात कुणी काम देईना. हरिप्रसादनं तिच्यापुढे हात जोडले, राहा म्हणाला, दार रंगवून देतो म्हणाला. "दार भाड्याचं आहे, सार," ती म्हणाली. "घरमालकानं रिकामं करायला सांगितलंय."

अलमेलू घरी आल्यावर भेटायला माणसं लोटली. हळदीची गोष्ट आता सगळ्यांनाच ठाऊक होती. जो तो आपल्याला आधीच शंका आली होती म्हणून सांगत होता. काहींनी तर घरी फडक्यावर हात उठवून पोरांना गंमत दाखवली होती. आरोग्यमेरीला मात्र एकानंही फोन केला नव्हता.

सरोजा सफरचंदं घेऊन आली आणि पलंगाच्या कडेला टेकली. "स्वामी ठक हुता, हे खरंच," ती म्हणाली. "तिच्या हातांत कांहीं नव्हतं, हेही खरं. पण अलमेलू, कांहीं म्हण, ती माणसं तशीच. गोड बोलून, सेवा करून बाटवतात. गेली ती बरंच झालं."

कीर्तना बांधायची नवी पट्टी उलगडत होती. अलमेलूनं अंगावरची चादर ओढून बाजूला टाकली. गुडघ्याखाली पाय जिथे संपत होता ते उघडं टोक सरोजाच्या समोर आलं. सरोजानं मान फिरवली.

"बघ. फिरवूं नको मान, बघ," अलमेलू म्हणाली. "वर्सभर ती माझ्या पायापशीं बसली. येसूचं नांव तिनें एकदांही काढलं नाहीं. तुमचा स्वामी आला, शंभरदां देवाचं नांव घेटलं, आणि माझा पाय घेऊन गेला. आतां सांग सरोजा, कोणें कोणाला बाटवलं?"

सरोजा उठली. सफरचंदांची पिशवी तिथेच राहिली.

मंजळ स्वामी अजून कुठल्या तरी गावात आहेत. तिथेही लिंबं स्वस्त असतील, साबण तर असतोच, आणि ज्याला हात लाल झाल्याचं पाहायची हौस आहे अशी गर्दी कुठेही मिळते. हळद खोटं बोलत नाही. ती आंबटाला पिवळी राहते आणि चुन्याला लाल होते. माणसाचा धर्म तिला कळत नाही, आणि खरं तर त्याची तिला गरजही नाही. गरज आपल्याला असते, म्हणून आपण तिच्याकडून वदवून घेतो. तेव्हा उद्या कुणी तुमच्यासमोर कुणाचा लाल हात धरून उभा राहिला, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा, की त्या हाताला काय लावलं होतं आणि ते लावायला कुणी दिलं होतं.